दुसऱ्या ताटाची तपासणी

३ मार्च

प्रिय ठकीस,

तुझं पत्र मिळालं. भरपूर रागावून लिहिलेलं दिसतंय, कारण अक्षर फार सुरेख आलंय. लहानपणापासून तुझं असंच. खुशीत असलीस की कोंबडीचे पाय आणि चिडलीस की मोत्याचे दाणे. 'येतो येतो म्हणतोस आणि तुझं येणं काही होत नाही' ही तक्रार मान्य. पण माझी बाजूही ऐकून घे.

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं काम 'एस' या अक्षराशी आलंय. मी निवृत्त होण्याआधीचा शेवटचा शब्द म्हणून संपादकबाईंनी माझ्या टेबलावर 'सेट' आणून ठेवला. एवढासा शब्द. पोरंटोरंसुद्धा दिवसभर तोंडात घोळवतात. मी मनात म्हटलं, बाईंनी जाता जाता सोपं काम दिलं, दया आली असेल. कसली दया. कपबशांचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट, गणितातला सेट, इथपर्यंत मी शीळ घालत होतो. मग क्रियापदं सुरू झाली. केस सेट करतात तेव्हा बसवतात, गजर सेट करतात तेव्हा लावतात, तारीख सेट करतात तेव्हा ठरवतात, प्रश्नपत्रिका सेट करतात तेव्हा काढतात. सूर्य सेट झाला म्हणजे गेला आणि सिमेंट सेट झालं म्हणजे राहिलं. एकाच शब्दाने जायचंही आणि राहायचंही. अशा शब्दाशी माणसाने वागावं कसं?

त्यात बाईंचा नियम. अर्थ दिला की त्याखाली एक वाक्य द्यायचं, आणि ते वाक्य खरं हवं. म्हणजे कोणीतरी खरोखर घडलेल्या गोष्टीबद्दल कागदावर लिहून खाली सही केलेलं. 'मुलाने सफरचंद खाल्लं' असं लिहिलं तर बाई चष्मा वर करून विचारतात, कुठल्या मुलाने? आमच्यातल्या एकाने घाईत 'पोपट उडून गेला' असं ठोकून दिलं होतं. त्याला पोपटाचा मालक शोधून आणावा लागला. बाई म्हणतात, सगळं जग थापा मारतंय, निदान कोशाने तरी मारू नयेत.

तेव्हा हा शब्द हातावेगळा झाला की मी निघालोच समज. तुझे यजमान गेले तेव्हा मी येऊन राहतो म्हणालो होतो, ते विसरलेलो नाही. वरची खोली माझ्यासाठी ठेव.

तुझा
दादा

ता.क. तू करून दिलेली खालची कवळी सैल झालीये. बोलायला लागलो की ती माझ्याआधी बोलते. काय करावं?


९ मार्च

ती. दादा,

नमस्कार. मोठ्या भावाला आणखी जे काय लिहितात ते सगळं लिहिलं असं समज.

तुझं 'निघालोच समज' मी समजून समजून थकले. तू त्या शब्दाच्या आड बसलायस ना, मग मी तो शब्दच संपवून टाकते. अख्ख्या गल्लीला कामाला लावलंय.

आधी कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्या बाईंकडे गेले. विचारलं, सेट म्हणजे काय हो? म्हणाल्या, सेट म्हणजे सेट, बसा खुर्चीत. बसले. उठले तेव्हा डोक्यावर फुलकोबी उगवला होता. पण वाक्य मिळालं: 'बाईंनी माझे केस असे बसवले की आरशात मीच मला ओळखलं नाही.' सही केलीये. मग आमच्या कुंपणाची भिंत बांधणारा गवंडी. तो म्हणाला, 'ओतलेलं सिमेंट अजून धरलं नाही, पाय ठेवाल तर बघा.' वाक्य खरं हवं म्हणून मी पाय ठेवून बघितला. खरं आहे. चप्पल अजून तिथेच आहे.

मागच्या मैदानावर मुलांना टेनिस शिकवणारे एक म्हातारे मास्तर आहेत. त्यांच्या तोंडून सेट हा शब्द निघाला की तासाची निश्चिंती. त्यांनी लिहून दिलं: 'पहिला सेट हरलो, पण दुसऱ्यात त्याला घाम फोडला.' कोणाला, ते सांगत असताना मी डोळे उघडे ठेवून झोपले.

आता माझ्या कवळ्यांच्या कामातलं. 'साच्यात प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत चहा पिऊन घेतला.' 'समोरचे दात मेणात एकेक करून बसवले.' आणि घरातलं एक: 'संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडली.' सगळ्यांखाली माझी सही आहे. दंतवैद्यांच्या चिठ्ठ्यांवर करते तशीच, स्वच्छ.

कवळीचं म्हणशील तर वय झालं की हिरड्या झिजतात, तोंडातली जागा बदलते, आणि कवळी बिचारी होती तशीच राहते. ती तोंडात घालून, काहीतरी चावायला लावून, कुठे टोचतंय ते बघून नीट करावी लागते. तेव्हा कवळी घेऊन ये. तोंडासकट.

कळावे. आणि कळत नसेल तर पुन्हा वाचावे.

ठकी


१८ मार्च

प्रिय ठकीस,

तुझी मदत पाहून बाईंना गहिवर आला आणि मला घाम फुटला. अगं, माझ्या यादीत सिमेंटसाठी 'घट्ट होणे' होतं. तुझ्या गवंड्याने 'धरणे' काढलं. बाई म्हणाल्या, वेगळा अर्थ आहे, वेगळा दाखवा. आता सिमेंट धरतं तर आणखी काय काय धरतं ते शोधत बसलोय. तू एक वाक्य पाठवतेस आणि माझा मुक्काम आठवडाभराने लांबतो. ज्या फांदीवर मी बसलोय ती तू तोडायला निघालीस खरी, पण तुझ्या कुऱ्हाडीला पालवी फुटतेय.

बाकी तुझी वाक्यं बाईंना आवडली. चपलेबद्दल त्यांनी सहानुभूती कळवली आहे.

फक्त एका वाक्यावर अडलंय. दोन ताटं. बाईंनी बाजूला पेन्सिलीने लिहिलं: 'लिहिणारी एकटी राहते. दुसरं ताट कोणाचं?' मी म्हणालो, विचारून सांगतो. सवयीने तू यजमानांचं ताट मांडत असशील तर राहू दे, मी विचारलंच नाही असं धर. मी बाईंना काहीतरी सांगेन. सांगू शकणार नाही खरा, पण प्रयत्न करीन.

कवळी सोबतच्या बिस्किटांच्या डब्यात, लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवतोय. मोजा धुतलेला आहे. तोंड पाठवता येत नाही, त्याचं इथे अजून काम आहे. कुठे टोचतं ते कागदावर चित्र काढून दाखवलंय. चित्रात जे घोड्याच्या नालासारखं दिसतंय तो मी आहे. लवकर परत पाठव. तोवर दुधात पाव बुडवून खातोय.

दादा


२६ मार्च

ती. दादा,

डबा पोचला. आयुष्यभर कवळ्या करतेय, पण मोज्यातून कवळी काढायची वेळ पहिल्यांदा आली. पोस्टमनसमोर उघडला. तो आता माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघतो.

दुसऱ्या ताटाबद्दल. यांचं ताट मी केव्हाच नीट पुसून वरच्या कपाटात ठेवलंय. रडायचं तेवढं रडले, ठेवायचं ते ठेवलं. हे दुसरं ताट यांचं नाही. मग कोणाचं, तर ज्याचं आहे त्याचं. ज्याचं आहे त्यालाच कळत नसेल, तर तुमच्या कोशात छापून काय उपयोग?

वरच्या खोलीत भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या, पुस्तकांसाठी. टेनिसच्या मास्तरांनी स्वतःची शिडी आणली. हात थरथरतात, पण रेघ सरळ मारतात. येतात अधूनमधून संध्याकाळी. त्यांची वरची कवळी माझ्याकडेच केलेली आहे, त्यामुळे सफरचंद खाऊन दाखवायला आवडतं त्यांना. खिडकीजवळ टेबल लावलंय. डाव्या हाताला उजेड येईल असं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताची सावली पडत नाही. पडदा फिका निळा घेतला. कसा वाटतो?

तुझी कवळी तयार आहे. चित्रावरून अंदाज बांधून घासली. घोडा छान आलाय. पण मी ती पोस्टाने पाठवणार नाही. माझ्या कारखान्याचा नियम आहे: कवळी तोंडात बसलेली बघितल्याशिवाय हातची सोडायची नाही. बाईंना नियम असतात तसे मलाही आहेत. कवळी टेबलावर पेल्यात ठेवलीये. जाता येता माझ्याकडे बघून हसते.

ठकी


४ एप्रिल

प्रिय ठकीस,

पत्र सावकाश वाचलं. मी शब्दांचा माणूस आहे, मला ओळींमधलंही वाचता येतं. तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण मी समजलो.

मास्तर सज्जन वाटतात. शिडी स्वतःची आणणारा माणूस वाईट असू शकत नाही. थरथरत्या हाताने जो सरळ रेघ मारतो, त्याला मनापासून काहीतरी करायचं असतं. ठके, या वयात पुन्हा कोणासाठी ताट मांडावंसं वाटलं यात लाजण्यासारखं काही नाही. मला आनंदच आहे. थोरला भाऊ म्हणून माझी संमती हवी असेल तर ती या पत्रासोबत दिली असं समज.

तू म्हणतेस, ज्याचं ताट आहे त्यालाच कळत नाही. अगं, पुरुष या बाबतीत मठ्ठ असतात. त्यांना सूचकपणे सांगून भागत नाही. फळ्या ठोकून घेतल्या, पडदे लावले, उजेड डाव्या हाताला आणला, यातून माणसाला काय कळणार? सरळ सांगून टाक. 'हे ताट तुमचं आहे, बसा.' इतकं साधं.

माझी काळजी करू नकोस. वरची खोली त्यांच्याच उपयोगी पडू दे, फळ्या त्यांनीच ठोकल्यात. नव्या संसारात वरच्या मजल्यावर एक खोकणारा म्हातारा कोणाला हवा असतो? शिवाय शब्द अजून फार लांबणार आहे. काल परवा आणखी अर्थ सापडलेत. वर्षभर तरी हलता येईल असं दिसत नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन टाकलं आहे.

निळा पडदा मला आवडला असता. म्हणजे, चांगला दिसत असेल.

कवळी मात्र कृपा करून पोस्टाने पाठव. 'स' म्हणताना शिट्टी वाजते, आणि माझा शब्दच नेमका 'स' चा आहे.

तुझा
दादा


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचत असताना कालवलेलं प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं. आता ते भांडंही गेलं आणि चमचाही.

ठकी


२ मे

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

मी कोशकचेरीची संपादक. आपली प्रत्यक्ष ओळख नाही, तरी आपली चप्पल, आपले केस आणि आपलं प्लास्टर यांच्याशी मी कागदोपत्री परिचित आहे. एका तपासणीसाठी लिहिते आहे.

'सेट' या शब्दाखाली 'मांडणे' हा अर्थ देताना आपलं 'संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडली' हे वाक्य घेतलं आहे. दुसरं ताट कोणाचं या प्रश्नावर आपल्या बंधूंनी लिहून दिलं: 'मैदानावर शिकवणाऱ्या टेनिस शिक्षकांचं.' नियमाप्रमाणे आम्ही त्या शिक्षकांना विचारलं. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. पहिली चार पानं एका जुन्या सामन्याबद्दल आहेत. पाचव्या पानावर ते म्हणतात की आपल्या घरी ते कधीही जेवलेले नाहीत, एकदा चहा आणि अधूनमधून सफरचंद घेतलं आहे, आणि जेवायला सुनेकडेच जावं लागतं, नाहीतर ती रागावते. हे उत्तर आणि आपल्या बंधूंचं उत्तर जुळत नाही. तेव्हा दुसरं ताट कोणाचं, हे आपण लिहून कळवावं. मजकूर छापखान्यात उभा आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर वाक्य काढावं लागेल.

आता नियमात न बसणाऱ्या दोन गोष्टी. आपले बंधू मार्चअखेर निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल दिली, हार घातला. 'सेट' त्यांनी त्याआधीच पूर्ण केला होता, आणि इतका नेटका की मला एक स्वल्पविराम हलवावा लागला नाही. समारंभात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की बहिणीकडे राहायला जाणार, तिथे वरच्या खोलीत खिडकी आहे. त्यानंतर बहुधा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा कचेरीत आले. म्हणाले, तिकडे आता गर्दी आहे. तेव्हापासून रोज येतात. त्यांची खुर्ची नव्या माणसाला दिली आहे, म्हणून घरून तिपाई आणतात. जिन्याजवळ बसून दुसऱ्यांचे शब्द वाचतात, आणि दुपारी दुधात पाव बुडवून खातात.

मी कोणाच्या घरात नाक खुपसत नाही. पण कोशात चुकीचं काही छापलं जाऊ नये ही माझी जबाबदारी आहे, आणि इथे काहीतरी चुकीचं चाललं आहे असं मला वाटतं.

आपली
संपादक


६ मे

बाईंना सप्रेम नमस्कार.

दुसरं ताट माझ्या दादाचं आहे.

यजमान गेले तेव्हा तो म्हणाला होता, 'मी येऊन राहतो.' मी त्या संध्याकाळपासून त्याचं ताट मांडायला लागले. म्हटलं, एखाद्या दिवशी न कळवता आला तर लाजायला नको. मग ते अंगवळणीच पडलं. जेवताना समोर रिकामं का होईना, ताट असलं की मी दोन घास नीट बसून खाते. नाहीतर ओट्यापाशी उभ्यानेच पातेल्यातून खायला लागले होते.

हे मी त्याला का सांगितलं नाही म्हणाल, तर बोलावून आणलेला भाऊ मला नको होता. आपणहून आलेला हवा होता. आणि मी इतक्या खुणा केल्या की आंधळ्यालाही दिसलं असतं. टेबल कोणासाठी लावलं? मास्तर टेबलावर बसून काय लिहिणार, धावसंख्या? ज्या माणसाला एवढ्याशा शब्दाचे पोत्याने अर्थ सापडतात, त्याला निळ्या पडद्याचा एक अर्थ सापडू नये? त्याने मला उलट संमती दिली. पत्रासोबत. ते पत्र मी पोस्टमनला वाचून दाखवणार होते, पण त्याने आमचं घर आधीच खूप सोसलंय.

तरी वाक्य खरं आहे हे लक्षात घ्या. दोन ताटं मांडली, असंच मी लिहिलंय. दोघं जेवली असं कुठे लिहिलंय?

आपली
ठकी (हे दादाने ठेवलेलं नाव. सही म्हणून चालेल ना?)


११ मे

आदरणीय बाई,

उत्तर मिळालं. सही चालेल.

वाक्य मात्र चालणार नाही. जेवायला बसणाऱ्याचा पत्ता असल्याशिवाय त्याला मांडणं म्हणता येत नाही. रिकाम्या खुर्चीसमोर ताट नुसतं ठेवलेलं असतं, आणि 'ठेवणे' हा अर्थ आम्ही आधीच्या पानावर, फुलदाणीचं वाक्य देऊन, घेतलेला आहे. तेव्हा आपलं वाक्य काढावं लागेल असं दिसतं. मला वाईट वाटतं, कारण सबंध शब्दात तेच एक वाक्य मला घरातलं वाटलं होतं.

नियमानुसार वाक्य काढण्यापूर्वी ते घेणाऱ्याला कारण दाखवावं लागतं. म्हणून आपलं पत्र मी आपल्या बंधूंना वाचायला दिलं आहे. जिन्याजवळ तिपाईवर बसून त्यांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिपाई उचलली आणि घरी गेले. दूध जिन्यापाशीच राहिलं.

पुरवणी तपासणीसाठी मजकूर महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवते आहे.

आपली
संपादक


१३ मे

ठके,

मी मठ्ठ आहे. हे वाक्य खरं आहे, आणि सही माझीच आहे.

तुझं बाईंना लिहिलेलं पत्र वाचलं. तू उभ्याने पातेल्यातून जेवायला लागली होतीस हे मला माहीत नव्हतं. मी इथे खिडकीला पाठ करून शब्दांचे अर्थ लावत होतो आणि तू तिकडे रिकाम्या ताटासमोर बसून जेवत होतीस. फार वाईट वाटलं गं.

खरं सांगायचं तर मास्तरांचं निमित्त झालं. शब्द संपत आला तशी मला भीतीच वाटायला लागली होती. इतकी वर्षं सकाळी उठून कचेरीत जायचं, बाईंच्या शिव्या खायच्या, एखादा अर्थ सापडला की दिवस सार्थकी लागायचा. ते संपल्यावर मी तुझ्या घरी करणार काय? तुझे हात दिवसभर प्लास्टरमध्ये, आणि मी आपला वरून विचारणार, चहा झाला का. ओझं होऊन यायचं नव्हतं मला. मग तुझ्या पत्रात मास्तर दिसले आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम. त्याला एक शब्द असेल कुठेतरी, पण मी आता शोधणार नाही.

निरोपाला मिळालेली शाल घेऊन येतोय, तुझ्यासाठी. तिपाईही आणतोय, उंचीला चांगली आहे, तुझ्या प्लास्टरच्या ओट्यापाशी बसायला होईल. मला कवळ्या येत नाहीत, पण दंतवैद्यांना पत्रं तू फार उद्धट लिहितेस असं तूच म्हणाली होतीस. ती मी लिहीन.

शनिवारी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस. दारातच थांब. नाहीतर घरातच थांब, जिथे रोज थांबतेस तिथे.

दादा


१९ मे

बाईंना सप्रेम नमस्कार.

पुरवणी तपासणीबद्दल लिहिते.

शनिवारी संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडली. दाराची कडी वाजली. मी काही उठून धावले नाही, कारण एवढी वाट बघितल्यावर धावणं मला शोभलं नसतं. दार उघडंच आहे म्हटलं. तो आत आला, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात तिपाई, आणि तोंडाचं अगदी बोळकं झालेलं. टेबलाकडे बघत उभा राहिला. मला म्हणाला, 'कुठलं माझं?' मी म्हटलं, 'जे रिकामं राहून राहून चकचकीत झालंय ते.' मग तो बसला. शाल, ट्रंक, तिपाई सगळं तसंच हातात धरून बसला. मीच एकेक काढून घेतलं.

आधी पेल्यातली कवळी तोंडात घातली. मी कारखान्याच्या नियमाप्रमाणे पाहणी केली. डाव्या बाजूला किंचित टोचत होती, तिथल्या तिथे घासून दिली. चित्रात घोडा उलटा काढला होता त्याने, डावीकडचं उजवीकडे. मग पाव दिला. कोरडा, दुधाशिवाय. त्याने तो चावून खाल्ला आणि मग सूप, भाजलेले बटाटे, वाटाणे, दोनदा वाढून घेतलं. जेवताना 'स' च्या एकाही शब्दाला शिट्टी वाजली नाही, असं त्याचं म्हणणं. मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही, कारण मी त्याच्या ताटाकडे बघत होते. इतके दिवस ते मी नुसतं मांडायचे आणि नुसतं उचलून ठेवायचे. परवा ते खरकटं झालं. मी ते घासताना रडले, हे छापायचं नाही.

साक्षीदार म्हणून मास्तर सही करायला तयार होते, पण त्यांना एका ओळीत आटोपता येईना. म्हणून पोस्टमनची सही घेतली आहे. आज सकाळी तो आला तेव्हा दादा नव्या पडद्याच्या खिडकीत बसून दात दाखवत होता, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

वाक्य तपासून पाहिलं. खरं आहे. काढू नये.

आपली
ठकी

ता.क. दादा विचारतोय की त्याच पानावरच्या 'लावणे' या अर्थाखाली गजराचं वाक्य बदलता येईल का. तो म्हणतो, आता त्याला सकाळी गजर लावावा लागत नाही. माझ्या भांड्यांच्या आवाजाने तो उठतो. पण घाई नाही. आधी ताटांचं छापा.